कोबा, फरशी किंवा पेव्हर ब्लॉकवर गादीवाफा कसा बनवायचा? मोबाइलने मोजमाप, स्टेप बाय स्टेप



तुमच्या घरामागे, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा बिल्डिंगच्या बाजूला थोडी मोकळी जागा आहे, पण खाली सगळा सिमेंटचा कोबा किंवा पेव्हर ब्लॉक आहे, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अशा कडक जमिनीवर भाजीचा वाफा करता येतो का? येतो. मी केलाय. पण पहिल्यांदा केला तेव्हा तो पूर्ण फसला आणि सोसायटीने तो आठ दिवसांत काढायला सांगितला. तो का फसला हे आधी सांगते, कारण व्हिडिओमध्ये हीच गोष्ट कुणी सांगत नाही.

माझा पहिला वाफा का फसला?

आम्ही पुण्यात एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. घरामागे साधारण १० फूट बाय १२ फूट अंगण आहे, सगळं कोब्याचं. दोन वर्षांपूर्वी आजी गेली आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, सातारा जिल्ह्यातलं गाव सोडून आमच्याकडे राहायला आले. आयुष्यभर शेती केलेला माणूस. इथे आल्यावर दिवसभर मोबाइलवर बैलांचे आणि ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघत बसायचे. जेवण कमी झालं, बोलणं तर त्याहून कमी. मला वाटलं, हाताला थोडी माती लागली तर बरं वाटेल त्यांना.

मग मी चार व्हिडिओ बघितले, विटा आणल्या, मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर भिंतीला समांतर वाफा रचला. आत प्लास्टिकचा कागद अंथरला आणि नर्सरीतून आणलेली लाल माती भरली. मिरची, वांगी लावली. आबा खूश. हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यात.

जुलैत मिरची पिवळी पडून मेली. वांग्याची मुळं उपटून बघितली तर काळी आणि चिकट. तेवढंही चाललं असतं, पण शेजारच्या काकूंच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. आमची आणि त्यांची मागची भिंत सलग आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला आणि वाफा काढायचा ठरला. आबा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच घमेलं घेतलं आणि माती उपसायला सुरुवात केली.

उपसता उपसता म्हणाले, "पोरी, शेतात उताराला आडवा बांध घालत्यात, कारण तिथं पाणी मुरवायचं असतंय. हिथं मुरायला जागाच न्हाई. मग त्येला जायला वाट नको?"

सगळा घोळ त्या एका वाक्यात होता. जमिनीवरच्या वाफ्यातलं जास्तीचं पाणी खाली झिरपतं. कोब्यावरच्या वाफ्यातलं पाणी फक्त बाजूला जाऊ शकतं. त्यामुळे कडक जमिनीवर वाफा करताना पहिला प्रश्न 'माती कुठली' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'पाणी कुठे जाणार?'

आधी हा हिशोब समजून घ्या

पावसाचं गणित सोपं आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की त्याला 'जोरदार पाऊस' म्हणतात. अशा एका दिवशी आमच्या अंगणात काय होतं ते बघा:

- वाफ्यावर, म्हणजे साधारण १.५ चौरस मीटरवर: सुमारे ९६ लिटर
- पूर्ण अंगणावर, म्हणजे साधारण ११ चौरस मीटरवर: सुमारे ७०० लिटर
- गच्चीवरून खाली येणारा पाइप: गच्चीचा ५०० चौरस फूट भाग जरी त्याला जोडलेला धरला तरी जवळपास ३,००० लिटर

तो पाइप आमच्याच अंगणात, भिंतीच्या कोपऱ्यात उघडतो. समोरच्या कोपऱ्यात गटाराची जाळी आहे. आणि माझा पहिला वाफा बरोबर या दोघांच्या मध्ये आडवा होता. म्हणजे मी वाफा केला नव्हता, बंधारा बांधला होता. पाणी वाफा आणि भिंत यांच्यामध्ये तुंबलं आणि भिंतीत शिरलं.

आता दुसऱ्या वाफ्याकडे वळू. तो ऑक्टोबरमध्ये केला. सोसायटीची परवानगी कशी मिळाली तेही पुढे सांगते.

स्टेप १: खाली काय आहे ते शोधा

वाफा दिसायला छोटा असतो, पण वजन प्रचंड असतं. आमच्या वाफ्यात साधारण ५३० लिटर मिश्रण बसतं. नुसती माती भरली असती तर ओली झाल्यावर ती अंदाजे ९०० किलो झाली असती. हलकं मिश्रण भरलं तरी ओलं वजन ५०० किलोच्या आसपास जातं. शिवाय सिमेंटच्या ब्लॉकचं वजन वेगळं.

खाली भरावाची जमीन असेल तर एवढं वजन सहज पेलतं. पण आधी हे तपासा:

- खाली पाण्याची भूमिगत टाकी किंवा बेसमेंट पार्किंग तर नाही ना? असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- जागेत ड्रेनेजचं चेंबर आहे का? त्याच्या झाकणावर वाफा कधीच नको. चेंबर एक दिवस तुंबणारच.
- कोबा कुठे खचलाय, तडकलाय का? अशी जागा सोडा.

आणि गच्चीवर करायचा असेल तर? थांबा. भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग २) माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी धरला जाणारा भार चौरस मीटरला साधारण १५० किलो असतो. हलक्या मिश्रणाचा फक्त ६ इंचांचा थर ओला झाला की तेवढा भार एकटाच होतो. आमच्या वाफ्याचा नुसत्या मिश्रणाचा भार चौरस मीटरला ३५० किलोच्या पुढे जातो. म्हणजे हाच वाफा जसाच्या तसा गच्चीवर करणं धोक्याचं आहे. गच्चीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या, नाहीतर उथळ ग्रो बॅगवर भागवा.

स्टेप २: मोबाइलने उतार मोजा

डोळ्यांना कोबा सपाट दिसतो. तो सपाट नसतो, नसायलाही हवा. मिस्त्री लोक पाणसळ वापरतात. आपण मोबाइल वापरू.

फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा छोटा सेन्सर असतो. तो गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, म्हणूनच फोन आडवा केला की स्क्रीन फिरते. तोच सेन्सर उतार सांगतो. आयफोनमध्ये 'मेजर' अ‍ॅपमध्येच लेव्हल मिळते. अँड्रॉइडवर कुठलंही बबल लेव्हल अ‍ॅप चालेल. मी 'फायफॉक्स' वापरलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं हे मोफत अ‍ॅप आहे आणि त्यात फोनचे जवळपास सगळे सेन्सर बघता येतात.

मोजताना:

१. फोन थेट कोब्यावर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे रीडिंग चुकतं, वर स्क्रॅच पडतात ते वेगळेच. तीन-चार फुटांची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठेवा आणि तिच्यावर फोन कडेवर उभा धरा.
२. एक रीडिंग घ्या. फोन उलट दिशेला फिरवून दुसरं घ्या. दोन्ही आकड्यांची सरासरी काढा. सेन्सरची चूक अशी निघून जाते.
३. अंगणात सहा-सात ठिकाणी मोजा आणि कागदावर बाण काढा.

आकड्याचा अर्थ असा: १ अंश म्हणजे मीटरला सुमारे १.७ सेंटिमीटर उतार. आमच्याकडे ०.६ अंश आलं, म्हणजे मीटरला १ सेंटिमीटर, भिंतीकडून बाहेरच्या बाजूला. पाणी वाहायला एवढा उतार पुरतो.

खात्रीची टेस्ट: कोपऱ्यात पाइपाखाली दोन बादल्या पाणी ओता आणि वरून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पाणी कुठून जातं, कुठे थांबतं, सगळं दिसतं. हा व्हिडिओ डिलीट करू नका. मला तो सोसायटीत कामी आला.

स्टेप ३: ऊन मोजा

मिरची, वांगी, टोमॅटो यांना दिवसाला सहा तासांच्या आसपास थेट ऊन लागतं. मेथी, पालक, कोथिंबीर तीन-चार तासांवरही बरी येतात.

अनेक जण लक्स मीटरचं अ‍ॅप टाकतात. त्यात दोन अडचणी आहेत. आयफोनवर बाहेरच्या अ‍ॅपला लाइट सेन्सर वापरता येत नाही, त्यामुळे तिथली अ‍ॅप्स कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. अँड्रॉइडवर सेन्सर मिळतो, पण भर उन्हात साधारण १ लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो आणि काही फोनचे सेन्सर तिथवर पोचतच नाहीत. शिवाय लक्स हे माणसाच्या डोळ्यांचं माप आहे, झाडाचं नाही.

त्यापेक्षा साधं काम करा. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला, एकाच जागेवरून अंगणाचा फोटो काढा. संध्याकाळी फोटो ओळीने बघा. कुठल्या कोपऱ्यात किती तास ऊन होतं, ते कळतं.

पण एक दिवस पुरत नाही, कारण सूर्य जागा बदलतो. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, तेव्हा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. डिसेंबरअखेरीस मात्र दुपारीसुद्धा तो दक्षिणेला झुकलेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेकडच्या भिंतीची दुपारची सावली भिंतीच्या उंचीच्या ०.९ पट पडते. आमची दक्षिणेची भिंत ६ फूट, म्हणजे सावली जवळपास साडेपाच फूट. मे महिन्यात बघून जागा ठरवली असती तर हिवाळ्यात वाफा दुपारी सावलीत गेला असता. 'सन सीकर'सारखी अ‍ॅप्स कॅमेऱ्यातच सूर्याचा वर्षभराचा मार्ग दाखवतात. त्यासाठी कंपास वापरला जातो, म्हणून लोखंडी जाळी किंवा गाडीपासून लांब उभं राहून बघा, नाहीतर दिशा चुकते.

आमचं अंगण बिल्डिंगच्या पूर्वेला आहे. आठ ते एक असं पाचेक तास ऊन मिळतं. मिरचीला थोडं कमीच, पण चालतं.

स्टेप ४: जागा आणि आखणी

सगळ्या मोजमापांनंतर जागा आपोआप ठरली. नियम हे:

- वाफ्याची लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवा, आडवी नाही. पाणी दोन्ही बाजूंनी निघून गेलं पाहिजे.
- घराच्या भिंतीपासून किमान दीड फूट अंतर सोडा. माती भिंतीला टेकता कामा नये.
- पाइप ते गटाराची जाळी हा पाण्याचा रस्ता पूर्ण मोकळा ठेवा. आमच्याकडे उत्तरेला तीन फुटांहून जास्त पट्टा रिकामा आहे. तिथे कुंडीसुद्धा ठेवायची नाही.
- वाफ्याची रुंदी हात पोचेल एवढीच. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर तीन फुटांपर्यंत चालते.

आखणी मी खडूने केली. त्या खडूच्या चौकोनाचा फोटो, बादलीच्या पाण्याचा व्हिडिओ आणि उताराचे आकडे घेऊन मी सेक्रेटरी काकांकडे गेले. शेजारच्या काकूंनाही बोलावलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा दोन बादल्या ओतल्या. पाणी खडूच्या बाजूने सरळ जाळीत गेलं. काकू म्हणाल्या, "ओल दिसली तर पहिल्या दिवशी काढायचं, कबूल?" मी लिहून दिलं. तुम्हीही परवानगी लेखी घ्या आणि लेखी द्या. तोंडी बोलणं पहिल्या पावसात विसरलं जातं.

स्टेप ५: बांधकाम

मी सिमेंटचे सॉलिड ब्लॉक वापरले, १६ बाय ८ बाय ४ इंचांचे. एका ब्लॉकचं वजन १७-१८ किलो असतं, त्यामुळे उचलायला दोघं हवेत.

साहित्य:

- सॉलिड ब्लॉक: २८. त्यातले २ कापून ४ अर्धे करायचे.
- सिमेंट-वाळूचा माल: थोडासाच
- ड्रेन सेल (३० मिमी जाडीच्या प्लास्टिकच्या जाळीदार प्लेट): १६ चौरस फूट
- जिओटेक्सटाइल कापड: तळ झाकून बाजूला वर येईल एवढं, साधारण ३० चौरस फूट

पहिला थर: लांब बाजूंना ५-५ ब्लॉक, त्यांच्या मध्ये दोन्ही टोकांना २-२ ब्लॉक. दुसऱ्या थरात उलटं करायचं: टोकाच्या बाजूंना अडीच-अडीच ब्लॉक पूर्ण रुंदीभर आणि लांब बाजूंना साडेचार-साडेचार. त्यामुळे कोपऱ्यात सांधे एकावर एक येत नाहीत आणि भिंत धरून राहते. आतलं माप साधारण ६ फूट बाय २ फूट ८ इंच मिळतं, उंची १६ इंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उताराच्या खालच्या टोकाला, पहिल्या थरातल्या उभ्या सांध्यांमध्ये माल भरायचा नाही. तिथे करंगळी जाईल एवढ्या तीन फटी उघड्या ठेवायच्या. वाफ्यातलं सगळं जास्तीचं पाणी या फटींतून बाहेर येणार. बाकीचे सांधे मालाने भरा, आठवडाभर पाणी मारा.

मग तळाला ड्रेन सेल, त्यावर जिओटेक्सटाइल. प्लास्टिकचा कागद अजिबात नको. माझ्या पहिल्या वाफ्यात मुळं कुजली ती त्याच्यामुळेच. मी वाफ्याची बादली करून टाकली होती.

खडी टाकली तर पाणी निघतं ना?

हा गैरसमज जवळपास प्रत्येकाचा असतो, माझाही होता. घरी एक प्रयोग करा. भांडी घासायचा नवा स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. पाणी ठिबकून ठिबकून थांबेल. आता तोच स्पंज लांबट बाजूने उभा करा. पुन्हा पाणी ठिबकायला लागेल!

म्हणजे काय? स्पंजच्या तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर राहतोच. तो थर किती जाड हे स्पंजच्या छिद्रांवर अवलंबून असतं, स्पंजच्या उंचीवर नाही. उभा केल्यावर उंची वाढते, म्हणून वरचा कोरडा भाग वाढतो. मातीचंही तसंच. बारीक कणांची माती तळाशी पाणी धरून ठेवते आणि खाली खडी टाकली की तो गच्च थर खडीच्या वर सरकतो, नाहीसा होत नाही. उलट मुळांची जागा कमी होते.

मग ड्रेन सेल कशाला? मातीतून सुटलेल्या पाण्याला कोब्यावरून फटींपर्यंत पळायला वाट मिळावी म्हणून. गच्च थर कमी करायचा असेल तर दोनच उपाय: मिश्रण भुसभुशीत ठेवा आणि वाफा उंच ठेवा. पालेभाजीला ८ इंच पुरतात, पण कडक जमिनीवर मिरची-वांग्यासाठी १२ ते १८ इंच खोली हवी.

स्टेप ६: वाफा कशाने भरायचा?

आमचं ५३० लिटरचं मिश्रण:

- पोयट्याची किंवा लाल माती: १६० लिटर
- धुतलेलं कोकोपीट: १६० लिटर
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट: १६० लिटर
- भाताचं तूस: ५० लिटर

लिटर कसे मोजायचे? २० लिटरची बादली घ्या आणि मोजत टाका. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजली की साधारण ६० ते ७५ लिटर होते, त्यामुळे तीन विटा पुरतात. कोकोपीटमध्ये कधी कधी क्षार असतात, दोनदा पाण्याने धुऊन पिळून घ्या. काळी माती मात्र टाळा. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात आणि पाणी सोडत नाही. आबांनी खत हातात घेऊन वास घेतला आणि एक पोतं परत पाठवलं. "कच्चं हाय, मुळं जाळंल." कुजलेल्या खताला घाण वास येत नाही, पावसानंतरच्या मातीसारखा येतो. हे मोजायला अजून तरी माझ्या फोनमध्ये सेन्सर नाही.

वर दोन इंच आच्छादन घाला. आम्ही रसवंतीवरून उसाचं चिपाड आणतो, वाळवून तुकडे करून पसरतो. उसाचं चिपाड आणि पालापाचोळा वापरून शहरातही भाजी पिकवता येते, ही गोष्ट कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने महाराष्ट्रात कधीच रुजवली आहे. आपण काही नवीन शोध लावत नाही आहोत.

सुरुवातीच्या काही महिन्यांत पातळी दोन-तीन इंच खाली बसते. घाबरू नका, वरून कंपोस्ट टाका.

स्टेप ७: पाणी आणि उन्हाळा

कोबा एप्रिल-मेमध्ये तव्यासारखा तापतो, ब्लॉकही तापतात. उन्हाळ्यात आमच्या एवढ्या वाफ्याला दिवसाला साधारण ७ ते १२ लिटर पाणी लागतं. सकाळी लवकर घाला. भर उन्हात ५० टक्क्यांची शेडनेट बांधा.

मी मातीतली ओल मोजणारा एक स्वस्त सेन्सर मागवला होता. त्याच्या दोन उघड्या धातूच्या पट्ट्यांमधून करंट जातो, त्यामुळे ओल्या मातीत त्या गंजतात आणि आकडे भरकटतात. दोन महिन्यांत माझा तसाच गेला. घ्यायचाच असेल तर कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या. नाहीतर आबांची पद्धत: बोट दोन इंच खुपसायचं, माती चिकटली तर आज पाणी नाही.

पावसाळ्यात हवामान खात्याचं 'मौसम' अ‍ॅप ठेवा. जोरदार पावसाचा इशारा असेल तर आदल्या संध्याकाळी तीन कामं करा: गटाराची जाळी साफ, वाफ्याच्या तीन फटी काडीने मोकळ्या, पाइपासमोरचं सगळं सामान बाजूला. पाऊस थांबल्यावर फटींतून पाणी येतंय ना तेही बघा. ड्रेन सेलमध्ये पाणी साचून राहिलं तर आठ-दहा दिवसांत डास होतात.

नेहमी पडणारे प्रश्न

पेव्हर ब्लॉकवर हीच पद्धत चालेल का? हो. ब्लॉकच्या सांध्यांतून थोडं पाणी मुरतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका. फटी ठेवाच.

गुळगुळीत टाइल्सवर? चालेल, पण मातकट पाण्याचे डाग पडतात आणि शेवाळ धरतं. घसरायची भीती, घरात म्हातारी माणसं असतील तर विशेष.

लिंबू, शेवगा लावू का? नको. त्यांच्या मुळांना एवढी जागा पुरत नाही. भाजी, फुलं, गवती चहा, पुदिना यावर थांबा.

भाड्याच्या घरात? ब्लॉक मालाशिवाय रचता येतात, पण मग एकच थर ठेवा आणि पालेभाजी करा. जाताना उचलून नेता येतं.

शेवटी

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री अकराला सुरू झाला. मला झोप लागेना. मागचं दार उघडलं तर आबा आधीच खुर्ची टाकून बसलेले. मी मोबाइलचा टॉर्च मारला. पाइपातून पाणी धो धो येत होतं आणि वाफ्याच्या कडेने, मोकळ्या पट्ट्यातून सरळ जाळीत जात होतं. वाफ्याच्या खालच्या टोकाला तीन बारीक धारा लागल्या होत्या. चहाच्या रंगाच्या, मातकट नाहीत.

आबा वाकून बराच वेळ त्या धारांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोटरंचं पाणी पाटाला लागल्यागत वाटतंय." गावच्या शेताबद्दल त्यांनी या घरात स्वतःहून काढलेला तो पहिला विषय. त्या रात्री दीड वाजेपर्यंत ते बोलत होते आणि मी ऐकत होते.

काकूंची भिंत कोरडी आहे. दर आठवड्याला त्या स्वतः हात लावून बघतात आणि जाताना चार मिरच्या घेऊन जातात.

तर मंडळी, माती आणायच्या आधी अंगणात दोन बादल्या पाणी ओता आणि व्हिडिओ काढा. बाकी सगळं त्यानंतर. हा लेख उपयोगी वाटला तर वाफा करायच्या विचारात असलेल्या मित्राला पाठवा, शक्यतो त्याने विटा आणायच्या आत!